हिंदुरावांच्या देव्हाऱ्यातली शिवराई

पहिली शिवराई मी तेजाबात विरघळताना बघितली.

आमचं गाव विट्याजवळचं. आमच्याकडं घरटी एक माणूस गलाईच्या धंद्यात असतो. सोनारांची मोड, दुकानातली झाडलोट वितळवायची आणि त्यातलं सोनं-चांदी वेगळं काढून द्यायचं, हा तो धंदा. मी सोळाव्या वर्षी मामांच्या दुकानात मदुरेला गेलो. तिथं तेजाबात विरघळलेली चांदी परत खाली बसवायला त्यात तांबं टाकत. तांबं विरघळत जातं आणि चांदी तळाशी साचते. त्यासाठी गावाकडून येताना कुणी ना कुणी जुन्या तांब्याच्या पैशांची पिशवी घेऊन यायचं. एकदा चिमट्यात धरलेल्या पैशावर मला 'राजा' अशी दोन अक्षरं दिसली. मामांना दाखवलं, तर म्हणाले, "शिवराई हाय. टाक."

मी टाकली. त्यानंतरही पुष्कळ टाकल्या.

हे आधीच सांगितलेलं बरं. पुढं लोकांनी जुन्या नाण्यांचा जाणकार म्हणून माझ्या गळ्यात हार घातले, तेव्हा दर वेळी मला ते तेजाबानं भरलेलं चिनी मातीचं भांडं आठवलं.

सांगलीला परत येऊन मी चांदीची मोड घ्यायचं दुकान घातलं. मोडीत जुने रुपये यायचे. एक दिवस लक्षात आलं की ते मुशीत टाकायला हात पुढं होत नाही. मग बाजूला ठेवू लागलो. पुस्तकं मिळवली, मोडी शिकलो, फार्सी अक्षरं गिरवली, संग्राहकांशी पत्रव्यवहार केला. हळूहळू मोड मागं पडली आणि नाणी ओळखणं हेच काम झालं. चाळीसेक वर्षं ते केलं. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून आता फारसं करत नाही.

बाहेरच्या माणसाला या कामातलं एवढं कळलं तरी पुरे. यंत्रं येण्याआधी नाणी हातानं पाडत. खाली एक खोदलेला ठसा बसवलेला, त्यावर तांब्याची किंवा चांदीची चकती, चकतीवर दुसरा ठसा धरायचा आणि वरून हातोडा. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळं सगळी अक्षरं सहसा मावत नाहीत. शिवराई म्हणजे मराठेशाहीतला तांब्याचा पैसा. तिच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असतं. पण एकीवर 'छ' कडेबाहेर गेलेला असतो, दुसरीवर 'ति'. घाव बसला की धातू कडेकडं पळतो. त्या पळण्याच्या बारीक रेघा भिंगाखाली दिसतात, कुठंतरी कड फाटलेली असते. नक्कल बहुधा साच्यात ओततात. ओतीव नाण्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात, अक्षरं वापरलेल्या साबणावरच्या अक्षरांसारखी बोथट असतात, आणि साच्याच्या दोन भागांचा जोड लपवायला कड कानशीनं घासलेली असते.

या अंकाच्या संपादकांनी मला गमतीशीर गिऱ्हाइकांबद्दल लिहायला सांगितलं आहे. तशी आली. साताऱ्याचे एक निवृत्त अधिकारी किल्ल्याच्या पायथ्याला घेतलेल्या अकरा शिवराया घेऊन आले होते. अकराही नाण्यांच्या कडेला एकाच जागी, एकाच लांबीची फाट. मी म्हटलं, "साहेब, हातोड्याचे अकरा घाव इतके सारखे पडत नाहीत. एका नाण्यावरून साचा काढलाय." ते थोडा वेळ विचारात पडले आणि म्हणाले, "म्हणजे अकरांतलं एक तरी खरं असेल." मिरजेच्या एक बाई भिंग हातात घ्यायच्या आधीच मला म्हणाल्या होत्या, "खोटं असलं तर मला सांगा, पण सासूबाईंना फोनवर खरं म्हणून सांगा." मोबाईलवरचे व्हिडिओ बघून येणाऱ्यांची तर गणतीच नाही.

या लोकांना 'खोटं आहे' म्हणताना मला कधी जड गेलं नाही. उलट त्यात मला माझ्या कामाची प्रतिष्ठा वाटायची. दुकानात आलेली खोटी नाणी मी किती पकडली हे मी चारचौघांत सांगत असे. खऱ्याला खोटं म्हटलं तर काय होतं ते मला उशिरा कळलं. आज लिहायचं ते त्याबद्दलच. त्या घरच्यांना विचारून लिहितो आहे. त्यांची नावं बदलली आहेत, गावाचं नाव गाळलं आहे.

बारा वर्षांपूर्वी संपतराव नावाचे एक निवृत्त सुभेदार माझ्याकडं आले. मूळ गाव कराडच्या पुढं, कृष्णाकाठी. गावातली उसाची शेती थोरले भाऊ हिंदुराव बघायचे. संपतरावांनी फौजेतून आल्यावर मलकापुरात घर बांधलं होतं. भावाभावांत नुकत्याच वाटण्या झाल्या होत्या, त्याही गोडीनं. देव थोरल्याकडंच राहिले. संपतरावांनी देव्हाऱ्यातली एक वस्तू तेवढी मागितली होती. ती त्यांनी रुमालातून काढून माझ्यापुढं ठेवली.

"शेठ, शिवराई हाय. आमच्या पंज्यापास्नं देवात पुजत्यात. ओरिजिनल हाय एवढा रिपोर्ट द्या. फ्रेम करून हॉलमदी लावणार हाय."

मी नाणं उचललं. रंग नव्या तांब्यासारखा लाल. दोनशे-तीनशे वर्षांच्या तांब्यावर जो काळपट थर बसतो, तो औषधालाही नव्हता. भिंगाखाली सगळीकडं बारीक भोकं. अक्षरं बोथट. कडेला एका बाजूला कानस फिरलेली स्पष्ट दिसत होती. वजन कमी. ओतीव नाण्याच्या सगळ्या खुणा एकाच नाण्यावर जमल्या होत्या.

"नक्कल आहे," मी म्हणालो. "साच्यात ओतलेली. अलीकडची."

त्यांचा चेहरा बदलला नाही. त्यांनी विचारलं, "नक्की?"

"नक्की."

"मग तसं लिवून द्या."

मी दुकानाच्या कागदावर लिहिलं, 'सदर नाणे ओतीव असून प्रतिकृती आहे.' खाली सही केली, शिक्का मारला. त्यांनी कागदाची नीट घडी करून वरच्या खिशात ठेवली. दारापाशी गेल्यावर ते मला नाही, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मागितल्या मागितल्या दादानं कशी काय दिली, ते आता कळलं."

मी ते ऐकलं. साधी शिवराई बाजारात पुष्कळ मिळते, तिच्यासाठी कुणी देव्हाऱ्यात नक्कल ठेवायच्या उचापती करणार नाही, एवढं मी त्यांना हाक मारून सांगू शकलो असतो. ते माझं काम नाही असं मला वाटलं. मी पुढचं नाणं हातात घेतलं.

महिन्या-दीड महिन्यानं एक धोतर-टोपीवाले म्हातारे आले. ते हिंदुराव. त्यांनी तीच शिवराई टेबलावर ठेवली.

"संपानं आमच्या अंगनात टाकली आन् गेला. म्हनला, खरी कुनाला इकलीस? शेठ, ही तीच हाय. मी जलमल्यापास्नं बघतोय. आमची आई दर सनाला चिंच लावून, राखंनं घासायची. आता आमची मंडळी घासत्यात. घराभाईरच्या कुनाला दिली न्हाई."

प्रत्येकाच्या घरातलं नाणं पिढ्यान् पिढ्यांचंच असतं, असं मी मनात म्हटलं. भिंग पुन्हा उचललंसुद्धा नाही.

"काका, मी नीट बघितलंय. ओतीवच आहे."

"आसंल. तुमी शिकल्याली मानसं. पर हिंदुरावनं बदलली न्हाई, एवढं एका वळीत लिवून द्या. त्याला दावतो."

मी म्हणालो, "काका, मी नाण्याबद्दल लिहून देतो. माणसांबद्दल लिहीत नाही."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. पुढं एक-दोन व्याख्यानांतही मी ते सांगितलं. हिंदुराव शिवराई धोतराच्या सोग्यात बांधून, नमस्कार करून गेले.

गेल्या वर्षी खंडाळ्याकडच्या एका गावातले गुरव माझ्याकडं आले. त्यांच्या देवीच्या गळ्यात तांब्याच्या नाण्यांची जुनी माळ होती. देवळाचा जीर्णोद्धार चालू होता, दागिन्यांची यादी करायची होती, म्हणून विश्वस्तांनी माळ तपासायला पाठवली होती. सगळ्या शिवराया. प्रत्येकीला पट्टी डागून, म्हणजे वितळलेल्या धातूनं जोडून, कडी लावलेली. मी एक बघितली, दुसरी बघितली. लाल रंग, भोकं, बोथट अक्षरं. गुरवांना मी सांगूनही टाकलं, "सगळी माळ ओतीव दिसतीये."

ते कसनुसे झाले. म्हणाले, "आवं, ही माळ आमच्या आज्याच्या बी आज्याच्या येळची. दर अमावशेला चिंचनं धुतोय आमी."

तेवढ्यात एका नाण्याची सैल झालेली पट्टी माझ्या बोटांत निघून आली. पट्टीखाली बोटाच्या नखाएवढी जागा इतकी वर्षं झाकलेली होती. तिथं तांबं काळपट होतं. 'छत्रपति'तल्या 'त्र'चा तुकडा त्यात होता, आणि त्याच्या कडा अशा की बोटाला टोचाव्यात. भिंग धरलं, तर घावानं पळालेल्या धातूच्या रेघा. पट्टीच्या बाहेर, केसाएवढ्या अंतरावर, तेच अक्षर बोथट होऊन भोकांत बुडालं होतं.

मी भिंग खाली ठेवलं. आंबट तांब्याला कसं खातं हे माझ्याइतकं कुणी बघितलं असेल? तेजाब ते काम दुपारभरात करतं. चिंच मंद, पण शेदोनशे वर्षं दर सणाला, दर अमावास्येला चिंच आणि वरून राखेचा हात फिरला, तर तांबं तसंच झिजतं, तशीच भोकं पडतात. पुस्तकातल्या खुणा खोट्या नव्हत्या. त्या खुणा नाण्याला दुसऱ्या वाटेनंही लागू शकतात, हे मी कधी मनात आणलं नव्हतं. आणि हिंदुरावांनी मला ती वाट तोंडानं सांगितली होती.

गुरवांना माळ अस्सल असल्याचं सांगून मी पाठवलं आणि जुनी नोंदवही काढली. मलकापूरचा पत्ता सापडला.

दुसऱ्या दिवशी कराडला उतरून मलकापुरात गेलो. दार एका बाईंनी उघडलं. भिंतीवर संपतरावांचा वर्दीतला फोटो होता आणि त्याला हार घातलेला होता. तीन वर्षांपूर्वी ते गेले होते. त्या त्यांच्या पत्नी, सुमनताई. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"कशापायी आलासा?"

"ती शिवराई एकदा परत बघायची होती."

त्या उभ्याच राहिल्या. "खरी निघाली व्हय?"

"अजून बघितली नाही. पण माझी चूक झाली असावी असं वाटतंय."

त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "ह्यास्नी मी लय येळा म्हनलं, भावजी आसं करायचं न्हाईत. मग हे कपाटातनं तुमचा कागूद काढायचे. म्हनायचे, मी म्हनतोय व्हय? शिक्का हाय बघ त्येच्यावर."

त्या दहा-अकरा वर्षांत काय झालं ते त्यांनी मला तिथं सांगितलं. संपतराव गावाकडं जायचे बंद झाले. हिंदुरावांच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा चुलता म्हणून उभं राहायला कुणी नव्हतं. मुलालाही संपतरावांनी त्या घरी पाठवलं नाही. ते कराडच्या दवाखान्यात शेवटचे होते, तेव्हा हिंदुराव दोन दिवस खाली पायऱ्यांवर बसून होते. वर बोलवू का, असं सुमनताईंनी विचारलं. संपतराव भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. माती द्यायच्या वेळी हिंदुराव नदीवर आले, सगळ्यांच्या मागं उभे राहिले आणि कुणाशी न बोलता चालत परत गेले.

मी उठलो. गावाचा रस्ता विचारला.

"थांबा," सुमनताई म्हणाल्या. "मी बी येते."

वडापच्या जीपनं आम्ही गेलो. सबंध वाटेत त्या पदर हातात धरून बाहेर बघत होत्या.

हिंदुराव ओसरीवर बसले होते. फार थकले होते. मला त्यांनी ओळखलं नाही, पण सुमनताईंना बघितल्यावर भिंतीला धरून उभे राहिले.

"ये," एवढंच म्हणाले. मग आत तोंड करून, "आगं, पानी आन. मलकापूरची आलीया."

मी त्यांना सगळं सांगितलं. माळ, पट्टी, चिंच. माझी चूक झाली, असंही म्हणालो. त्यांच्या पत्नीनं देव्हाऱ्यातून शिवराई आणून माझ्या तळहातावर ठेवली. हळदीकुंकू लागलेली होती. भावानं अंगणात फेकल्यावर ती त्याच दिवशी परत देवात गेली होती.

अंगणात उजेडाला नेऊन मी ती बघितली. या वेळी घाई केली नाही. भोकं तीच, अक्षरं तीच. कडेच्या घासलेल्या जागेवर आलो तेव्हा मी विचारलं, "काका, ही कड कानशीनं कुणी घासली?"

"ती व्हय. तितं कडी व्हती," हिंदुराव म्हणाले. "संपा दीड वरसाचा आसंल. लय आजारी पडला. जगतोय का न्हाई आसं झालं. आईनं देवातली शिवराई काढली, सोनाराकडनं कडी लावून घेतली आन् त्याच्या गळ्यात बांधली. बरा झाल्यावर कडी काढून, घासून, परत देवात ठिवली. मी व्हतो आईसंगं सोनाराकडं. संपाला काय आठवतंय, लहान व्हता."

सुमनताईंनी तोंडाला पदर लावला.

मी भिंग त्या जागेवर धरलं. अक्षराच्या खोलगट भागात डागाच्या धातूचा पांढरट कण अजून होता. त्याच्या आडोशाला तांदळाएवढी जागा चिंचेपासून आणि राखेपासून वाचली होती. तिथं तांबं काळपट होतं. रेघा होत्या. कुणीतरी कुठल्यातरी टांकसाळीत घातलेला हातोड्याचा घाव तेवढ्या जागेत मला स्वच्छ दिसला. बारा वर्षांपूर्वीही तो तिथं होता. घासलेली कड दिसली आणि मी पुढं बघायचं थांबलो होतो.

"अस्सल आहे," मी म्हणालो.

"मला कवा खोटी वाटली न्हाई," हिंदुराव म्हणाले.

"मी तसं लिहून देतो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आता कुनाला दावायचं?"

गोठ्यात म्हशीच्या साखळीचा तेवढा आवाज होत होता. मग सुमनताई म्हणाल्या, "मला द्या. आमच्या पोराला दावायचं हाय."

तो मुलगा पुढं दसऱ्याला सोनं द्यायला चुलत्याच्या घरी गेला, हे सुमनताईंनी मला फोनवर कळवलं. त्या दिवशी मात्र यातलं काही होईल की नाही ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

"लिवा मग," हिंदुराव म्हणाले. "पर संपाचं नाव त्यात घालू नगा. त्यो खोटा न्हवता. त्येला जसं कळलं तसा त्यो वागला."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं. तो कागद त्यांच्या भावाला कुणी दिला, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. त्यांनी बोलून दाखवलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

माझ्याजवळ दुकानाचा कागद नव्हता की शिक्का नव्हता. त्यांच्या पत्नीनं एका वहीचं पान फाडून दिलं. ओसरीच्या पायरीवर बसून मी लिहिलं. पूर्वी मी हे नाणे प्रतिकृती ठरवले होते, ते चुकीचे होते. हे नाणे अस्सल, हाताने पाडलेले आहे. चिंच आणि राखेने झिजले आहे. कडेवर डागाची खूण आहे, ती घरच्यांनी सांगितल्याप्रमाणे पूर्वीच्या कडीची आहे. इथपर्यंत नाण्याबद्दल झालं. मग मी आणखी एक ओळ लिहिली आणि खाली सही केली.

"वाचून दावा," हिंदुराव म्हणाले.

मी वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटपर्यंत आल्यावर म्हणाले, "ती खालची वळ परत वाचा."

"हे नाणे या घरातलेच आहे," मी वाचलं. "हिंदुरावांनी..." आणि मी थांबलो.

"थांबू नगा," ते म्हणाले. "वाचा."

"हिंदुरावांनी ते बदललेले नाही."